हुंडणावळीचा दर आणि मुंबईची टांकसाळ

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या ताब्यातील सर्व मुलखासाठी एकाच रुपयाचे मान ठरवले, तेव्हा त्याचे वजन एक तोळा म्हणजे १८० ग्रेन आणि त्यातील शुद्ध चांदी १६५ ग्रेन असावी, असा नियम झाला. त्याआधी दख्खनच्या बाजारपेठांत अंकुशी, चांदवडी, सुरती अशा नाना शिक्क्यांचे रुपये एकाच वेळी चालत, प्रत्येकाची चांदी वेगळी असे, आणि कोणत्या रुपयाला किती बट्टा लावायचा हे पेठेतला सराफ ठरवी. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी अमदानीतील टांकसाळींवर एक स्वतंत्र निबंध लिहून या पसाऱ्याची नोंद करून ठेवली आहे. कंपनीच्या एकछापी रुपयामुळे सराफाचे हे काम हळूहळू संपले. परंतु रुपयाची किंमत ठरवण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, तो फक्त सराफकट्ट्यावरून लंडनला गेला, आणि पुढची शंभर वर्षे हिंदुस्थानातील शेतसारा, गिरण्यांचा नफा आणि घराघरांतील दागिन्यांचे मोल या साऱ्यांवर त्याचा परिणाम होत राहिला.

या व्यवस्थेच्या मुळाशी ‘खुली टांकसाळ’ ही कल्पना होती. मुंबईच्या फोर्ट भागात १८२० च्या दशकात बांधलेल्या टांकसाळीत कोणीही चांदी घेऊन यावे, शेकडा दोनच्या आसपास घडणावळ द्यावी आणि उरलेल्या चांदीचे रुपये घेऊन जावे, असा परिपाठ होता. देशात रुपये किती असावेत हे त्यामुळे सरकार ठरवत नसे; माल निर्यात झाला की त्याच्या बदल्यात चांदी येई, चांदीचे रुपये पडत, आणि बाजारात चलन वाढे. आजच्या भाषेत ज्याला चलनविषयक धोरण म्हणतात ते जवळजवळ नव्हतेच. बंदरात उतरणारी चांदी हेच धोरण होते.

या यंत्रणेची ताकद आणि तिचा धोका मुंबईने १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात पाहिला. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस बंद पडल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाड, खानदेश आणि धारवाडच्या कापसाकडे वळल्या, कापसाचे भाव अनेक पटींनी चढले, आणि मुंबईत चांदीचा असा ओघ लागला की तो गुंतवायला पुरेसे धंदेच शहरात नव्हते. तेव्हा समुद्र बुजवण्याच्या, बँकांच्या आणि केवळ कागदावरच्या कंपन्यांच्या शेअरांत पैसा शिरला, कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार वरखाली होऊ लागला, आणि सरकारचे भागभांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्जे देत सुटली. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची वार्ता आली, १ जुलैला वायद्यांची देणी चुकती करण्याचा दिवस उजाडला, आणि देणेकऱ्यांच्या रांगेत शहरातील बहुतेक मोठी नावे उभी राहिली. बँकही तीन वर्षांत गुंडाळावी लागली. बाहेरून आलेला पैसा ज्या वेगाने येतो त्याच्या दुप्पट वेगाने जातो, हे मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्या वर्षी कोणी शिकवावे लागले नाही.

तरीही १८६५ चा धक्का एका शहराचा होता. १८७० नंतर जे घडले ते सबंध देशाचे होते. फ्रान्सवरील विजयानंतर मिळालेल्या प्रचंड खंडणीच्या बळावर जर्मनीने चांदीचे चलन मोडीत काढून सोन्याचे चलन स्वीकारले, १८७३ साली अमेरिकेने आणि पाठोपाठ युरोपातील इतर देशांनी चांदीच्या मुक्त टंकनाला आळा घातला, आणि याच सुमारास नेवाडातील खाणींतून चांदीचा नवा साठा बाहेर पडू लागला. मागणी घटली, पुरवठा वाढला, आणि लंडनच्या बाजारात सुमारे ६० पेन्स असलेला चांदीचा औंसामागचा भाव सतत उतरत गेला. हिंदुस्थानात खुली टांकसाळ असल्यामुळे रुपयाही चांदीबरोबरच उतरला. ज्या दराने एका देशाचे चलन देऊन दुसऱ्याचे घेतले जाते त्याला व्यापारी हुंडणावळीचा दर म्हणत. तो दर १८७० च्या दशकाच्या आरंभी रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग, म्हणजे २४ पेन्सच्या किंचित खाली होता, आणि १८९२-९३ मध्ये १५ पेन्सच्याही खाली आला.

रुपया उतरला म्हणून देशातील सर्वसामान्य माणसाचे फारसे बिघडले नव्हते. देशांतर्गत भाव मंद गतीने चढत होते, निर्यात जोरात होती, आणि मुंबईच्या सूतगिरण्या तर याच वीस वर्षांत फोफावल्या, कारण चीनही चांदीवरच व्यवहार करत असल्याने मुंबईचे सूत तेथे विलायती सुतापेक्षा स्वस्त पडे. अडचण होती ती सरकारची. रेल्वे बांधण्यासाठी ब्रिटिश भांडवल आणताना ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेसारख्या कंपन्यांना सरकारने शेकडा पाच व्याजाची हमी दिली होती. ते व्याज, सार्वजनिक कर्जावरचे व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांचे पेन्शन, लष्कराचा खर्च आणि विलायतेत खरेदी केलेले सामान, अशा सगळ्या रकमा लंडनमध्ये पौंडांत चुकवाव्या लागत. या वार्षिक देण्याला ‘होम चार्जेस’ असे नाव होते. सरकारचे उत्पन्न रुपयांत आणि हे देणे सोन्यात, अशी ही गाठ होती. १८७३-७४ मध्ये सुमारे १ कोटी ३३ लाख पौंड पाठवण्यासाठी १४ कोटी २७ लाख रुपये पुरले होते. १८९२-९३ मध्ये १ कोटी ६५ लाख पौंडांसाठी २६ कोटी ४८ लाख रुपये मोजावे लागले, आणि त्यातले पावणेनऊ कोटींच्या आसपास रुपये केवळ हुंडणावळ उतरल्यामुळे गेले.

हा पैसा लंडनला कसा पोचत असे, हे जवळून पाहण्याजोगे आहे, कारण त्यात एकही रुपया प्रत्यक्ष समुद्र ओलांडत नसे. ब्रिटिश मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या भारतमंत्र्याच्या वतीने दर बुधवारी बँक ऑफ इंग्लंडमध्ये ‘कौन्सिल बिले’ नावाच्या हुंड्या विक्रीस काढल्या जात. ज्या विनिमय बँकेला हिंदुस्थानात रुपये हवे असत ती लंडनमध्ये पौंड भरून कलकत्ता, मुंबई किंवा मद्रास येथील सरकारी खजिन्यावरची हुंडी घेई. हुंडी टपालाच्या आगबोटीने मुंबईला येई, खजिन्यातून तिचे रुपये मिळत, आणि त्या रुपयांतून खामगाव-अमरावतीच्या बाजारात कापसाची खरेदी होऊन गासड्या लिव्हरपूलला जात. भारतमंत्र्याचे पौंड लंडनमध्येच राहत आणि त्यातून होम चार्जेस भागत. खजिन्यातले हे रुपये बव्हंशी शेतसाऱ्याचे आणि मिठावरच्या कराचे असल्यामुळे, वऱ्हाडातील कास्तकाराने सारा म्हणून भरलेला रुपयाच त्याच्या कापसाची किंमत म्हणून त्याच्या हाती परत येई. दादाभाई नवरोजींनी ज्याला संपत्तीचे निःसारण म्हटले त्याचा प्रत्यक्ष मार्ग हा असा साधा आणि हिशेबी होता.

हुंडणावळ उतरते ती चांदीमुळे, तेव्हा रुपयाची चांदीशी असलेली गाठच सोडवावी, असा उपाय हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य सर डेव्हिड बार्बर यांनी मांडला. लॉर्ड हर्शेल यांच्या समितीने त्याला थोड्या फेरफारांसह संमती दिली, आणि २६ जून १८९३ रोजी एकाच दिवसात कायदा होऊन टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. चांदी आणून रुपये पाडून घेण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क संपला; रुपये आता सरकार पाडील तेवढेच. नाणे दुर्मिळ करून त्याची किंमत १६ पेन्सपर्यंत, म्हणजे पौंडाला १५ रुपये या दरापर्यंत चढवायची, असे ते गणित होते. सुरुवातीला ते जमले नाही आणि १८९४-९५ मध्ये रुपया १३ पेन्सपर्यंत घसरला. पण चलनाची टंचाई पुरेशी मुरल्यावर १८९८ च्या आरंभी १६ पेन्सचा दर गाठला गेला.

हे यश कोणाच्या पदरून मिळवले गेले, याचा हिशेब त्या वेळच्या समित्यांच्या कागदपत्रांत अगदीच तोकडा आहे. ग्रामीण कुटुंबाची बचत वाळे, तोडे, कमरपट्टे यांच्या चांदीत असे. १८९३ पूर्वी नाण्याच्या कसाची १०० तोळे चांदी टांकसाळीत गेली असती तर घडणावळ वजा जाता सुमारे ९८ रुपये मिळाले असते, म्हणून गावच्या सोनाराकडेही दागिन्याची मोड त्याच्या आसपासच होत असे. टांकसाळ बंद झाल्यावर चांदीचा भाव आणि रुपयाचा भाव यांची फारकत झाली, आणि १८९९ च्या सुमारास लंडनच्या चांदीच्या भावाने हिशेब केला तर त्याच १०० तोळ्यांचे मोल ६०-६५ रुपयांवर आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन्ही मोठे दुष्काळ याच काळात पडले. दागिने मोडून धान्य घ्यायची वेळ ज्या वर्षांत आली, त्याच वर्षांत दागिन्यांची किंमत तिसऱ्या हिश्शाने गेलेली होती. दुसरीकडे रयतवारीतील सारा तीस-तीस वर्षांच्या जमाबंदीने रुपयांत बांधलेला होता. म्हणून रुपया महाग करणे म्हणजे कायद्यातील आकड्याला हात न लावता सारा वाढवणे होय, असा दादाभाईंचा आक्षेप होता, आणि त्याला सरकारकडून समाधानकारक उत्तर कधीच मिळाले नाही. गिरणीमालकांची तक्रार वेगळी होती: चीन चांदीवर राहिला आणि रुपया चांदीपासून तुटला, त्यामुळे मुंबईचे सूत शांघायला रातोरात महागले. त्यांच्या बाजारावर जपानी गिरण्यांनी आणि १८९६ च्या प्लेगनेही घाव घातले, तेव्हा सगळा दोष टांकसाळीच्या माथी मारता येत नाही. पण पहिला घाव तिचाच होता.

पुढे १८९८-९९ च्या फाउलर समितीने हिंदुस्थानात सोन्याचे खरे चलन आणावे, मुंबईत सोन्याची नाणी पाडावीत अशी शिफारस केली. ती लंडनच्या कोषखात्याच्या हरकतींत अडकून पडली, आणि कोणी ठरवून न आणलेली एक तिसरीच पद्धत रूढ झाली. देशात चांदीचा रुपया आणि नोटा चालायच्या, त्यांच्या बदल्यात देशात सोने मिळण्याची हमी नाही, मात्र परदेशी देण्यासाठी सरकार ठरावीक दराने पौंड पुरवणार, आणि त्यासाठीची गंगाजळी लंडनमध्ये ब्रिटिश कर्जरोख्यांत ठेवणार. हिलाच सुवर्ण-विनिमय परिमाण म्हणतात. इंडिया ऑफिसात काही काळ कारकुनी केलेले जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ साली या पद्धतीवर पुस्तक लिहून ती जगाने अनुकरण करण्याजोगी असल्याचे सांगितले. मुंबईच्या सराफांना आणि व्यापाऱ्यांना त्यात दिसत होते ते इतकेच की रुपये पाडून झालेला नफा हिंदुस्थानचा, आणि तो स्वस्त व्याजावर खेळतो लंडनच्या नाणेबाजारात.

पहिल्या महायुद्धाने या पद्धतीची परीक्षा उलट्या दिशेने घेतली. ब्रिटनने हिंदुस्थानातून खरेदी केलेल्या युद्धसामग्रीचे पैसे रुपयांत द्यायचे होते, चांदी मिळेनाशी झाली होती, आणि १९१७ च्या उन्हाळ्यानंतर तिचा भाव औंसाला ४३ पेन्सवर गेला, त्या क्षणी रुपया नाणे म्हणून जेवढ्याचा होता त्याहून धातू म्हणून अधिक मोलाचा झाला. रुपये वितळवण्यावर बंदी आली, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली, अमेरिकेने पुढच्या वर्षी २० कोटी औंस चांदी विकली म्हणून सरकारची अब्रू वाचली, आणि १९१८ साली तर मुंबईच्या टांकसाळीत काही महिने चक्क इंग्लंडच्या राजाचे सॉव्हरिन पाडले गेले.

युद्धानंतर १९१९ साली बसलेल्या बॅबिंग्टन स्मिथ समितीने तेजीलाच कायमची स्थिती समजून रुपयाचा दर सोन्याच्या दोन शिलिंगांवर बांधण्याची शिफारस केली. समितीतील एकमेव हिंदी सभासद, मुंबईचे चांदी-सोन्याचे जाणकार दादीबा मेरवानजी दलाल, यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सच बरोबर आहे असे बजावले. त्यांचे कोणी ऐकले नाही. कागदी पौंड त्या वेळी सोन्याच्या तुलनेत उतरलेला असल्याने सोन्याचे दोन शिलिंग म्हणजे पौंडाच्या चलनात दोन शिलिंग आठ-दहा पेन्स होत होते. बाजारातला दर त्याहून बराच खाली असताना सरकार आपल्या ठरलेल्या दराने लंडनवरच्या हुंड्या, म्हणजे कौन्सिल बिलांच्या उलट दिशेची ‘रिव्हर्स कौन्सिल्स’, विकत बसले. स्वस्तात पौंड मिळतात म्हटल्यावर सट्टेवाले, परतणाऱ्या कंपन्या आणि युद्धात नफा कमावलेले सगळे रांगेत लागले. १९२० च्या जानेवारी ते सप्टेंबर या काळात साडेपाच कोटी पौंडांहून अधिक रकमेच्या हुंड्या विकून झाल्यावर सरकारने हात टेकले. पौंडाला १५ रुपये मोजून उभारलेली गंगाजळी ७ ते १० रुपयांना विकली गेली होती, आणि दोन शिलिंगांच्या भरवशावर विलायती मालाच्या मागण्या नोंदवलेले मुंबईचे कापडव्यापारी दर १६ पेन्सकडे कोसळताच माल सोडवून घ्यायला तयार होईनात. चुकीचा दर बांधला तर तो सांभाळताना आधी गंगाजळी जाते आणि मग दरही जातो, याचे इतके स्वच्छ उदाहरण आर्थिक इतिहासात क्वचितच सापडेल.

या पार्श्वभूमीवर डॉ. भीमराव आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा लंडन विद्यापीठाच्या पदवीसाठी लिहिलेला प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. हुंडणावळ स्थिर राखली म्हणजे चलन सुदृढ झाले, या केन्ससह बहुतेकांच्या गृहीतकावरच त्यांचा हल्ला होता. रुपयाची पौंडातली किंमत स्थिर असली तरी त्याची देशातली खरेदीशक्ती घटत राहू शकते, आणि रुपये पाडण्यात नफा मिळणारे सरकार ते मर्यादेत पाडील याची हमी काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी सुचवलेला इलाज म्हणजे रुपयाचे टंकन कायमचे थांबवून सोन्याची टांकसाळ उघडणे. पुढच्या दहा वर्षांत जगभर सोन्याचे जे झाले ते पाहता तो टिकणारा नव्हता, आणि प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनीही आपण सर्व मुद्द्यांशी सहमत नसल्याचे नमूद केले होते. रिझर्व्ह बँकेचा आराखडाच या ग्रंथात होता असे आज वारंवार सांगितले जाते. ग्रंथाचा रोख मात्र चलन सांभाळणारी संस्था कशी असावी यापेक्षा सांभाळणाऱ्याचे हात कसे बांधावेत याकडे अधिक आहे.

आंबेडकरांचे अधिक मोलाचे निरीक्षण १९२५ साली चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढील त्यांच्या निवेदनात आले. रुपया पुन्हा १६ पेन्सवर आणावा, अशी आयोगाचे सभासद पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि मुंबईचे गिरणीमालक यांची मागणी होती, आणि तीच राष्ट्रीय मागणी म्हणून मांडली जात होती. आंबेडकरांनी दाखवून दिले की स्वस्त रुपयाचा लाभ सबंध देशाला होत नसून तो एका वर्गाकडून काढून दुसऱ्याला दिला जातो. भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि फरक धंदेवाल्याच्या खिशात जातो. म्हणून दर बदलायचाच तर तो चालू १८ पेन्सच्या जवळ असावा, असे त्यांचे मत पडले. आयोगाने १८ पेन्सचीच शिफारस केली, ठाकुरदासांनी विरोधी पत्रिका जोडली, मुंबईत करन्सी लीग उभी राहिली, आणि १९२७ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारने थोडक्या मतांच्या फरकाने बाजी मारली. कष्टकऱ्याच्या बाजूने आंबेडकरांनी दिलेले कारण आणि विलायती देणे स्वस्त पडावे हे सरकारचे कारण, दोन्हींचा शेवट जवळजवळ एकाच आकड्यापाशी झाला, ही गोष्ट त्या वादाच्या वर्णनांत बहुधा गाळली जाते.

१९२९ नंतर शेतमालाचे भाव जगभर कोसळले तेव्हा मात्र १८ पेन्सचा दर शेतकऱ्याच्या मानेवर बसला. आंबेडकरांनी हिशेब मांडला होता तो भाव चढण्याच्या काळाचा. भाव निम्म्यावर आले असताना सारा आणि सावकाराचे व्याज रुपयांत जसेच्या तसे राहिले. ३० जानेवारी १९३० च्या ‘यंग इंडिया’त महात्मा गांधींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत दारूबंदी, मिठाचा कर रद्द करणे आणि शेतसारा निम्मा करणे यांच्या जोडीला रुपयाचा दर १६ पेन्सवर आणण्याची मागणीही होती. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सोने सोडले, आणि दिल्लीतील अर्थसदस्यांची इच्छा डावलून लंडनने रुपया १८ पेन्सनेच पौंडाला जखडून टाकला. पौंड उतरला तसा रुपयाही सोन्याच्या मानाने उतरला, आणि तोळ्याला २१ रुपयांच्या आसपास असलेले सोने थोड्याच महिन्यांत ३० रुपयांकडे गेले. कर्जात बुडालेल्या गावांतून पाटल्या, गोठ, सरी बाहेर पडल्या. गावच्या सोनाराकडून त्या तालुक्याच्या सराफाकडे, तेथून मुंबईच्या झवेरी बाजारात, आणि तेथे वितळून लगडी होऊन लंडनच्या बोटीवर चढल्या. दशक संपेपर्यंत ३०० कोटी रुपयांहून अधिक सोने असे देशाबाहेर गेले. शतकानुशतके सोने गिळणारा देश अशी ज्याची ख्याती, त्याने या सोन्यावर पौंडाची पत सावरली. होम चार्जेसची चिंता त्या वर्षांत भारतमंत्र्याला उरली नव्हती.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे कामकाज सुरू झाले, तेव्हा तिच्या कायद्याच्या प्रास्ताविकातच जगातील चलनव्यवस्था विस्कटलेल्या असल्याने हिंदुस्थानसाठी कायमचे परिमाण सध्या ठरवता येत नाही, अशी कबुली होती. मात्र पौंड कोणत्या दराने घ्यायचे आणि विकायचे हे त्याच कायद्यात १८ पेन्सच्या आगेमागे पेन्सच्या अपूर्णांकांपर्यंत लिहून ठेवलेले होते. बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४३ साली आले ते हाच दर सांभाळण्याची जबाबदारी घेऊन. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा रुपयाही त्याच्याबरोबर त्याच प्रमाणात उतरवण्यात आला आणि १८ पेन्स तसेच राहिले. तो आकडा अखेर ६ जून १९६६ रोजी बदलला, तेव्हा दडपण लंडनचे नव्हते, परकीय मदत देणाऱ्या वॉशिंग्टनचे होते.